गुहेत माणसे नेण्याआधी: केव्हिंग क्लबांच्या मोहीमप्रमुखांना खुले पत्र

सर्व केव्हिंग क्लबांच्या कार्यकारिणीस आणि मोहीमप्रमुखांस,

स. न. वि. वि.

आमचे म्हणणे आधीच स्पष्ट सांगतो. नवखे सदस्य असलेल्या तुकडीत सहाच्या वर माणसे नकोत आणि चाराच्या खालीही नकोत. दुसरे म्हणजे, सहलीची आखणी आत किती जायचे यावरून न करता बाहेर यायला किती वेळ लागेल यावरून करा. या पत्रातले बाकी सारे या दोन गोष्टींतूनच निघते. गुहेची सहल म्हणजे डोंगरावरची सहल, फक्त अंधारात, अशा समजुतीने आखलेले कार्यक्रम पाहिले की आम्हाला धास्ती वाटते. डोंगरावर थकलेला माणूस उन्हात बसू शकतो, बरेचदा फोन लागतो, एक वाट चुकली तर दुसरी सापडते. जमिनीखाली यांतले काहीच हाताशी नसते.

चार का, ते थोडक्यात. एकाला दुखापत झाली तर एक जण त्याच्यापाशी थांबतो आणि दोघे मिळून मदत आणायला बाहेर जातात. तिघांच्या तुकडीत मदतीला जाणारा एकटा पडतो, आणि तो वाटेत घसरला तर वर कोणाला काही कळतच नाही.

सहा का, यासाठी गुहेतल्या तीस मीटरच्या एका उभ्या विहिरीचा, म्हणजे दोरानेच उतरता-चढता येईल अशा खड्या विवराचा, हिशेब पुरे. सरावलेला केव्हर तेवढा दोर पाच-सात मिनिटांत चढतो. नवख्याला मधला एक रिबिले (दोर मध्येच पुन्हा खडकाला बांधलेली जागा) धरून बारा ते पंधरा मिनिटे सहज लागतात. बारा जणांची तुकडी असेल तर शेवटच्या माणसाची पाळी यायला सव्वादोन ते पावणेतीन तास जातात. सहा जण असतील तर हेच काम एक ते सव्वा तासात होते. वरचा माणूस रिबिले ओलांडून गेला की खालच्याला दोर धरता येतो, हे खरे; पण नवख्याच्या पायाखालून दगड सुटण्याची भीती असते, त्यामुळे खालच्यांना तळाशी दोरापासून बाजूलाच ठेवावे लागते. त्या वाचणाऱ्या वेळावर वेळापत्रक बांधू नका.

हे थांबणे होते कुठे? विहिरीच्या तळाशी. तिथे बहुधा पाणी ठिबकत असते, अनेकदा वाराही वाहत असतो. गुहेतले तापमान साधारणपणे त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाइतके असते. थंड प्रदेशांत ते सात ते बारा अंश सेल्सिअसच्या आसपास राहते आणि हवेतली आर्द्रता जवळपास शंभर टक्के असते. कपडे वाळत नाहीत. चालताना, सरपटताना अंगात ऊब असते म्हणून कोणाची तक्रार नसते. बसले की दहा मिनिटांत घाम गार पडतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते. तासभर असा बसलेला माणूस दोरावर येतो तेव्हा त्याच्या बोटांना कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू फिरवता येत नाही. दोरावरच्या पुष्कळ चुकांचे मूळ अज्ञानात नसते, गारठ्यात असते, असे आमचे ठाम मत आहे.

म्हणून सुती कपडे नकोतच. जीन्स तर अजिबात नको. अंगालगत कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरी थर, त्यावर फ्लीसचा एकसंध सूट आणि बाहेरून चिवट कापडाचा ओव्हरसूट. कमरेपर्यंत पाणी असलेल्या गुहेत निओप्रीनचा वेटसूट. उष्ण प्रदेशातल्या गुहांत उलटी अडचण येते. तिथे जाड सूट घालून सरपटणाऱ्याला उष्म्याने ग्लानी येते, तेव्हा पातळ थर आणि भरपूर पाणी हवे. प्रत्येक तुकडीत एक ग्रुप शेल्टर असावा. पातळ कापडाची ही पिशवी सहा जण डोक्यावरून ओढून आत दाटीने बसले की काही मिनिटांत ऊब धरते. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. ती मोहीमप्रमुखाच्या गाडीत नको, विहिरीच्या तळाशी थांबणाऱ्यांच्या पिशवीत हवी. चढण्याचा क्रमही आधी ठरवा: पहिला जाणकार, शेवटचाही जाणकार, आणि ज्याला लवकर थंडी वाजते त्याचा नंबर दुसरा किंवा तिसरा.

आता परतीचा हिशेब. आत जाताना उतार असतो, उत्साह असतो, पोट भरलेले असते. येताना चढ, चिखल आणि थकवा. आडव्या, सोप्या गुहेत आत जायला लागला त्याच्या दीडपट वेळ परतीसाठी धरावा. उभ्या विहिरींच्या गुहेत दुप्पट किंवा त्याहून जास्त. बाहेर पडण्याची वेळ आधी लिहा, तिच्यातून परतीचा वेळ वजा करा आणि उरेल ती वळण्याची वेळ. ती झाली की पुढे कितीही सुंदर दालन असो, वळायचे. ही वेळ सर्वांना तोंडपाठ हवी. एकट्या प्रमुखाच्या घड्याळात असून भागत नाही, कारण पुढे जाण्याचा मोह बहुतेकदा प्रमुखालाच अधिक असतो.

याच संदर्भात एक प्रथा बंद करण्याची विनंती आहे: “तू इथेच बस, आम्ही पुढचे पाहून येतो.” दमलेल्या किंवा घाबरलेल्या सदस्याला एकटे बसवून पुढे जाणे अक्षम्य आहे. बसलेला माणूस गारठतो, दिव्याची बॅटरी वाचवायला तो विझवतो, अंधारात वेळेचे भान जाते, आणि अर्ध्या तासाने तो आपली माणसे शोधायला निघतो. परतणारी तुकडी तिथे येते तेव्हा जागा रिकामी असते. ज्याला परतायचे आहे त्याच्यासह सगळी तुकडी परत फिरते, हा नियम सहलीच्या आधी सर्वांसमोर मोठ्याने सांगा. मग कोणालाही “मला नको” म्हणताना लाज वाटत नाही, आणि ही लाजच पुढे महागात पडते.

पृष्ठभागावरच्या निरोप्याची, म्हणजे बाहेर राहून गरज पडल्यास मदत बोलावणाऱ्याची, व्यवस्था अनेक क्लबांत आहे, पण ती नावापुरती. “घरी सांगून आलोय” याला व्यवस्था म्हणत नाहीत. निरोप्याकडे एक चिठ्ठी हवी: गुहेचे नाव, कोणत्या तोंडातून आत, कोणता मार्ग, माणसांची नावे आणि संख्या, गाडी कुठे उभी आहे, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची अपेक्षित वेळ आणि या सगळ्यापासून वेगळी लिहिलेली, मदत बोलावण्याची वेळ. अपेक्षित वेळ आणि मदतीची वेळ यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे. गुहेच्या तोंडाशी मोबाइलला रेंज नसेल तर रेंजपर्यंत चालत जाण्याचा वेळही त्यात धरावा. ही व्यवस्था फसते ती ठरावीक कारणांनी. मदतीची वेळ पहाटे तीनची असते आणि निरोप्या झोपलेला असतो. त्याला कोणाला फोन करायचा हे ठाऊक नसते. तुकडी बाहेर येऊन जेवायला बसते, कळवायचे राहून जाते आणि बचाव पथक उगाच निघते. किंवा काळजीपोटी निरोप्या स्वतःच टॉर्च घेऊन गुहेत शिरतो, आणि आता शोधायची माणसे एकाने वाढतात. निरोप्याचे काम एकच: ठरलेल्या मिनिटाला, ठरलेल्या क्रमांकावर फोन. तो जागचा हलणार नाही, असाच माणूस निवडा.

बचाव पथक आले की सुटलो, असेही समजू नका. २०१४ च्या जून महिन्यात जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत सुमारे हजार मीटर खोलीवर दगड लागून एक अनुभवी संशोधक जखमी झाला. ८ जूनला अपघात झाला, तो बाहेर आला १९ जूनला. अनेक देशांतली मिळून सातशेहून अधिक माणसे त्या कामाला लागली होती. तुमच्या सहलीची गुहा इतकी खोल नसेल, पण प्रमाण तेच राहते. धडधाकट माणूस तासाभरात पार करतो ते अंतर स्ट्रेचरला अनेक तासांचे होते. प्रत्येक अरुंद वळणावर, प्रत्येक विहिरीवर ते अडते. साधा मुरगळलेला घोटासुद्धा आत नीट पट्टी बांधून, आधार देऊन, स्वतःच्या तुकडीच्या बळावर बाहेर आणता आला पाहिजे.

पाण्याबद्दल तर कितीही सांगितले तरी थोडेच. १९६७ मध्ये २४ जूनला इंग्लंडमधल्या मॉसडेल गुहेत पुराचे पाणी शिरून सहा तरुण केव्हर गेले. २०१८ मध्ये २३ जूनला थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले. शेवटची माणसे १० जुलैला बाहेर आली, आणि त्या मोहिमेत एका पाणबुड्याचा जीव गेला. दोन्हींत वाट बंद झाली ती मागची. गुहेतला पूर डोळ्यांसमोरून चालत येत नाही. तुम्ही कोरड्या दालनात असता आणि तासाभरापूर्वी ज्या बुटक्या बोगद्यातून ओणवे होऊन आलात तो छतापर्यंत भरलेला असतो. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाही लागत नाही. चुनखडीच्या पठारावर काही किलोमीटर दूर पडलेला पाऊस भेगांतून आणि विवरांतून थेट खालच्या प्रवाहात उतरतो. जमीन आधीच भिजलेली असेल तर आणखी लवकर.

म्हणून फक्त गुहेच्या तोंडाशी आभाळ पाहू नका. पाणी कोणत्या क्षेत्रातून गोळा होते ते नकाशावर शोधा आणि तिथला अंदाज पाहा. आत गेल्यावर भिंती वाचा: छताच्या फटीत अडकलेली काटकी, डोक्याच्या उंचीवर वाळलेला फेस, पालापाचोळ्याची आडवी रेघ, चिखल धुऊन निघालेली स्वच्छ भिंत. पाणी कुठवर चढते ते ही चिन्हे सांगतात. येतानाच उंच, कोरड्या, जुना चिखल तसाच राहिलेल्या जागा मनात नोंदवून ठेवा. प्रवाहाचा आवाज बदलला, पाणी गढूळ झाले, त्यातून पाने-काटक्या यायला लागल्या किंवा वाऱ्याची दिशा अचानक फिरली, तर चर्चा न करता उंच जागा गाठा. वाट भरली असेल तर धावत जाऊन ती ओलांडण्याचा प्रयत्न करू नका. शेल्टरमध्ये दाटीने बसा, खाणे वाटून घ्या, सगळ्यांचे दिवे मालवून एकच ठेवा आणि थांबा. बहुतेक गुहांत पाणी काही तासांत, फार तर काही दिवसांत ओसरते. पावसाळ्यात प्रवाह असलेल्या गुहा सहलीच्या यादीतूनच काढा. कार्यक्रम आधीच जाहीर झाला आहे म्हणून जायचे, हे कारण होऊ शकत नाही.

दिवे. प्रत्येकापाशी तीन स्वतंत्र दिवे, त्यांपैकी दोन हेल्मेटवर बसवलेले, आणि मुख्य दिवा ठरलेल्या वेळेच्या दुप्पट टिकणारा. मोबाइलची टॉर्च या तिनांत धरू नका. पाकिटावर लिहिलेले तास बहुतेकदा सर्वांत मंद उजेडाचे असतात. सहलीत ज्या उजेडावर वापरणार त्यावर घरी दिवा विझेपर्यंत लावून पाहा आणि तो वेळ धरा. पूर्वीचे बल्ब विझण्याआधी पिवळे पडत, सूचना मिळे. आताचे पुष्कळ रिचार्जेबल एलईडी दिवे शेवटपर्यंत सारखा उजेड देतात आणि मग बॅटरीचे संरक्षक सर्किट ती एकदम तोडते. भिंत उतरत असताना हे झाले तर हात मोकळा नसतो. म्हणून दुसरा दिवा हेल्मेटवरच हवा, पिशवीत नको. पिशवीतला सुटा दिवा दाबला जाऊन आपोआप लागतो आणि हवा तेव्हा रिकामा निघतो. बटण लॉक करा किंवा एक सेल उलटा घालून ठेवा.

आता दोर, आणि यावर जरा सविस्तर. रॅपलिंग (दोराने कडा उतरणे) येते म्हणजे केव्हिंगचे दोरकाम येते असे धरून नवख्यांना विहिरीत उतरवले जाते. कड्यावरच्या रॅपलिंगमध्ये खाली पोचले की काम संपते. विहिरीत खाली पोचले की काम सुरू होते, कारण त्याच दोराने चढून यायचे असते. क्रोल आणि हँड असेंडर (दोर चढताना पकड घेणारी छातीवरची आणि हातातली साधने), पायफास, डिसेंडर (दोरावरून उतरण्याचे साधन) आणि आखूड-लांब असे दोन काउजटेल (हार्नेसला जोडलेले, टोकाला कॅराबिनर असलेले दोराचे तुकडे), या सगळ्यांचा सराव जमिनीवर, झाडावर किंवा भिंतीवर पुरा झाल्याशिवाय कोणालाही विहिरीत नेऊ नका. निकष हा ठेवा: हातमोजे घालून, फक्त हेल्मेटच्या उजेडात, कोणीही न सांगता, चढताना मध्येच उतरण्याची जोडणी करता आली पाहिजे आणि रिबिले दोन्ही दिशांनी ओलांडता आला पाहिजे.

रिबिले म्हणजे दोर खडकाला घासू नये म्हणून मध्येच पुन्हा अँकरला (खडकात बसवलेल्या आधाराला) बांधलेली जागा, आणि नवखा हमखास अडकतो ती इथेच. उतरतानाचा क्रम असा. डिसेंडर अँकरच्या पातळीला आला की थांबायचे. आखूड काउजटेल अँकरमध्ये अडकवायचे. मग हळूहळू उतरत सगळे वजन त्याच्यावर आणायचे, म्हणजे डिसेंडर सैल होतो. लांब काउजटेल जास्तीचा आधार म्हणून वरच्या दोराच्या लोंबत्या फासात अडकवायचे. डिसेंडर वरच्या दोरातून काढून खालच्या दोरावर, अँकरच्या जमेल तितके जवळ, चढवायचा, दोर ताणून घ्यायचा आणि लॉक करायचा. लोंबत्या फासात पाय देऊन उभे राहायचे, आखूड काउजटेल सोडवायचे आणि सावकाश वजन डिसेंडरवर टाकायचे. तो धरतो आहे हे पाहिल्यावरच लांब काउजटेल काढायचे आणि लॉक उघडायचा.

बिघडते ते असे. नवखा अँकरच्या पातळीला थांबत नाही, हातभर खाली जातो. मग काउजटेल अँकरपर्यंत पोचत नाही आणि त्याला दोराने चढून परत यावे लागते. किंवा डिसेंडर आणि अँकर यांच्यात दोर ढिला राहतो. पायावरून वजन सोडताच तो ढिलाईइतका खाली घसरतो, आखूड काउजटेल पुन्हा ताणले जाते आणि ते कॅराबिनर आता कितीही ओढले तरी सुटत नाही. पाच-सहा वेळा खेचून हात गळतात. सर्वांत घातक तिसरी चूक: डिसेंडर खालच्या दोराऐवजी त्या लोंबत्या फासातच चढवला जातो. म्हणून वजन टाकण्याआधी डिसेंडरखालचा दोर डोळ्यांनी थेट तळापर्यंत जाताना पाहायचा, ही सवय भिंतीवरच लावा.

दोरावर निपचित लटकलेला माणूस ही खरी आणीबाणी आहे. हार्नेसमध्ये (कंबर-मांड्यांभोवतीच्या पट्ट्यांत) हालचाल न करता लटकत राहिल्याने रक्त पायांत साठते आणि काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. बाहेरून मदत येईपर्यंत थांबणे हा तिथे पर्याय नसतो. अशा माणसापर्यंत चढून त्याला आपल्या डिसेंडरवर घेऊन खाली आणणे तुकडीतल्या किमान दोघांना येत असले पाहिजे. दोघांना अशासाठी, की दोरावर अडकलेला त्यांच्यापैकीच एक असू शकतो. हे ज्यांना येत नाही त्यांनी उभ्या गुहेत सहल नेऊ नये. आडव्या गुहांत शिकण्यासारखे भरपूर आहे.

दोराच्या टोकाला गाठ हवी, टोकापासून साधारण एक मीटर आत, आणि ती दोर पिशवीत भरण्याआधी मारायची. पिशवीत दोर भरताना गाठीचे टोक सगळ्यांत आधी, तळाला जाते; विहिरीच्या काठावर उभे राहून ते टोक हाती लागत नाही आणि “नंतर मारू” म्हटलेली गाठ राहून जाते. मग दोर तळाच्या दोन मीटर वर संपतो आणि उतरणारा त्याच्या टोकावरून सुटतो. दोर सेमी-स्टॅटिक (फारसा न ताणणारा), ईएन १८९१ या युरोपीय मानकाने प्रमाणित. नवा दोर आधी पाण्यात भिजवून वाळवा, मगच मोजा आणि लांबी लिहा, कारण पहिल्या भिजण्यात तो आटतो. सहलीनंतर चिखल धुऊन सावलीत वाळवा आणि संपूर्ण दोर बोटांतून ओढून पाहा: कुठे मऊ, कुठे चपटा, कुठे आवरण सरकलेले. शंका आली तिथे कापा. दोर आणि बॅटरी एकाच पेटीत ठेवू नका. आम्लाने झालेली नायलॉनची हानी डोळ्यांना दिसत नाही. बुटांवर लेस अडकवायचे उघडे हूक असतील तर ते पायफासात अडकतात. गुहेत रबरी गमबूटच बरे.

अरुंद फटींबद्दल एकच नियम, पण तो मोडू नका: अनोळखी, उताराच्या फटीत डोके पुढे करून कधीही शिरायचे नाही. २००९ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या नटी पुटी गुहेत एक तरुण असाच डोके खाली, पाय वर अशा स्थितीत अडकला आणि सुमारे सत्तावीस तासांनी तिथेच वारला. ती गुहा कायमची बंद करण्यात आली. उतारावर आत जाताना गुरुत्वाकर्षण मदत करते, बाहेर येताना तेच विरोधात जाते. पाय पुढे टाकून गेले तर अडकल्यावर निदान हातांनी मागे रेटता येते. शिरण्याआधी हार्नेस आणि खिशातले सामान काढा, एक हात पुढे, एक अंगालगत ठेवा. कोणी अडकलेच तर मागच्याने त्याला ओढू नये, ओरडू नये. श्वास सोडल्यावर छाती लहान होते, त्या क्षणी थोडे मागे; असे बोटभर बोटभर, ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने.

हवेकडे फार थोडे क्लब लक्ष देतात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो. पानगळ कुजणाऱ्या, वारा नसलेल्या बंद टोकांत आणि सखल खळग्यांत तो साठतो. कामाच्या जागेसाठी वापरली जाणारी मर्यादा दिवसभरासाठी अर्धा टक्का, थोड्या मिनिटांसाठी तीन टक्के. दहा टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. लायटर पेटवून हवा तपासण्याची पद्धत सोडा. ज्योत विझते ती ऑक्सिजन घटल्यामुळे. ऑक्सिजन ज्योतीपुरता असतानाही कार्बन डायऑक्साइड धोक्याच्या पातळीवर पोचलेला असू शकतो. खिशात मावणारा मीटर घ्या. श्रम न करता धाप लागली, डोके ठणकायला लागले की त्याच क्षणी सगळ्यांनी मागे फिरायचे.

वटवाघळांच्या गुहांत वाळलेल्या विष्ठेची धूळ उडते आणि तिच्यातून हिस्टोप्लाझ्मोसिस हा बुरशीजन्य संसर्ग फुप्फुसाला होऊ शकतो. अशा दालनात जायचेच असेल तर नीट बसणारा धूळरोधक मास्क हवा. सहलीनंतर तीन ते सतरा दिवसांत ताप, खोकला, छातीत दुखणे सुरू झाले तर डॉक्टरांना “गुहेत गेलो होतो” हे आपणहून सांगायला प्रत्येक सदस्याला बजावा. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही. उलट बाजूने आपणही वटवाघळांना मारतो. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा आढळलेल्या व्हाइट नोज सिंड्रोम या बुरशीजन्य रोगाने उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळे मेली. ही बुरशी बुटांच्या आणि कपड्यांच्या चिखलातून एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाऊ शकते. सामान आधी घासून चिखलमुक्त करा, मग सोसेल ते सगळे किमान ५५ अंश सेल्सिअस पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवा. हार्नेस आणि दोरासाठी उत्पादकाच्या सूचना पाहा. थंडीत निद्रिस्त वटवाघूळ उजेडाने वा आवाजाने जागे झाले तर वसंतापर्यंत पुरवायची चरबी जाळून बसते. त्या महिन्यांत त्यांच्या गुहा सहलीच्या यादीत असूच नयेत. पिल्ले होण्याच्या हंगामातही नाही.

छतातून लोंबणाऱ्या चुनखडीच्या स्तंभांना हात लावू नका हे सगळे सांगतात. का ते सांगितले तर ऐकले जाते. हाताचा तेलकटपणा त्या पृष्ठभागावर बसला की तिथे नवा थर धरत नाही. मातीवरची पावले तर गुहेत वारा-पाऊस पोचत नसल्यामुळे शेकडो वर्षे तशीच राहतात. एकाच रांगेत, आखलेल्या वाटेने चाला. आत नेलेली प्रत्येक गोष्ट बाहेर आणा, मलमूत्रासह. त्यासाठी घट्ट झाकणाची बाटली आणि दुहेरी पिशव्या प्रत्येकाकडे. भिंतीवर बाणांची खूण रंगाने कधीही नाही. वाटेच्या प्रत्येक फाट्यावर मागे वळून परतीचे दृश्य पाहायला नवख्यांना लावा. खूण हवीच असेल तर परावर्तक चिकटपट्टी ठेवा, आणि शेवटचा माणूस ती उचलत येईल.

नवख्यांना काम द्यायचे असेल तर सर्वेक्षण द्या. तुकडीतले तिघे या कामाला पुरतात: एक पुढच्या स्थानकावर, एक मोजणारा, एक वहीत लिहिणारा आणि आराखडा काढणारा. लांबी दहा सेंटिमीटरपर्यंत, दिशा आणि उतार एका अंशापर्यंत अचूक, हे ब्रिटिश पद्धतीच्या पाचव्या श्रेणीचे माप आहे. सरावाने ते जमते. होकायंत्राजवळ पोलादी कॅराबिनर किंवा हेल्मेटचा दिवा आला तर काटा अनेक अंशांनी फिरतो, म्हणून प्रत्येक टप्प्याची दिशा उलटीही मोजून घ्या. दोन्हींत १८० अंशांचा फरक जुळला नाही तर तिथेच पुन्हा मोजा. मोजणी हळू चालते हे खरे. थांबलेले हात गारठतात, तेव्हा दर तासाला कामे बदला. पण अशा सहलीतून आलेला सदस्य गुहा पाहायला शिकतो, आणि क्लबकडे बचावाच्या दिवशी उपयोगी पडेल असा नकाशा राहतो.

आमची मागणी एवढीच आहे की येत्या कार्यकारिणीत खालील गोष्टी लेखी नियम म्हणून संमत व्हाव्यात. तुकडीत चार ते सहा माणसे, त्यांत किमान दोन जाणकार. उभ्या गुहेआधी जमिनीवरच्या सरावाची चाचणी, आणि ती न दिलेल्याला प्रवेश नाही, मग तो कितीही जुना सदस्य असो. वळण्याची वेळ आणि मदत बोलावण्याची वेळ चिठ्ठीवर, सहीनिशी. पावसाचा अंदाज आला की सहल रद्द करण्याचा अधिकार प्रमुखाला, आणि भरलेले शुल्क पूर्ण परत. पैसे अडकलेले असले की निर्णय डळमळतो. दमा, मधुमेह, फिट्स, पूर्वी निखळलेला खांदा यांची माहिती प्रमुखाकडे आधीच, गोपनीय. आणि एक वही, ज्यात होता होता टळलेल्या अपघातांची नोंद नावाशिवाय होईल: कोणती जागा, कोणते साधन, काय झाले, कशाने निभावले. ती वही दुसऱ्या क्लबांनाही वाचायला द्या. या नियमांतला एखादा तुम्हाला अव्यवहार्य वाटत असेल तर कोणत्या गुहेसाठी आणि का, ते लेखी कळवा. त्यावर उत्तर द्यायला आणि सरावाच्या दिवशी तुमच्या भिंतीवर दोर लावायला यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
गुहांत उतरणारे आणि इतरांना उतरवणारे काही केव्हर